घाण वाटली म्हणून सेवा खोटी ठरत नाही

सलाम बाळा. तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि काल दिवसभर तोच डोक्यात होता, म्हणून आज जरा बैजवार लिहायला बसलेय. तू लिहिलंयस की नाताळच्या आधी तुमचा तरुण संघ एका वृद्धाश्रमात गेला, केळी आणि बिस्किटांची पाकिटं वाटली, दोन गाणी म्हटली, फोटो काढले, आणि निघताना खाटेवरच्या एका आजोबांनी तुझा हात धरून म्हटलं, पोरा, फोटो झाले असतील तर माझी पायाची नखं तेवढी कापून दे. तू बसलास, पाय हातात घेतलास, वास आला, नखाखालचं दिसलं आणि तू बाहेर जाऊन उलटी केलीस, परत आत गेलाच नाहीस. आणि आता विचारतोयस की घाण वाटली म्हणजे माझा विश्वास कच्चा आहे का, आणि सेवा हे ख्रिस्ती माणसाचं कर्तव्य आहे म्हणून मनात नसताना केलेली सेवा देवाला चालते का.

मी नर्स. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून मिशन हॉस्पिटलात लागले, ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली १९ वर्षं कुष्ठरोग विभागात आणि त्यातही बहुतेक ड्रेसिंग रूममध्ये. म्हणजे १९ वर्षं मी पायच धुतलेत असं म्हटलं तरी चालेल. आता रिटायर झालेय, तरी मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, अंथरुणाला खिळलेल्या लोकांकडं शनिवारी जाते. तेव्हा तुला मी उपदेशातलं नाही, हाताखालून गेलेलं तेवढंच सांगते.

पहिली गोष्ट, घाण वाटणं हे पाप नाही आणि विश्वासाची परीक्षापण नाही. ते पोटाचं काम आहे. सडलेल्याच्या, पू असलेल्याच्या जवळ गेलं की पोट ढवळतंच, देवानंच शरीर तसं बनवलंय म्हणून तर माणूस नासकं खाऊन मरत नाही. मला पहिले दोन आठवडे रोज मळमळायचं. माझ्या बॅचच्या एका मुलीनं तर पहिल्याच दिवशी नोकरी सोडायचं ठरवलं होतं आणि पुढं तीच आमच्या सगळ्यांत हलक्या हाताची ड्रेसर झाली, पेशंट तिचं नाव घेऊन थांबायचे. वासाचं एक असतंय बघ, पाच-दहा मिनिटं तू तिथंच टिकलास की नाक आपोआप त्याला सरावतं, वास तेवढाच असतो पण तुला तो तेवढा येत नाही. बहुतेक माणसं त्या पाच मिनिटांतच उठतात. तूपण त्यातच उठलास. म्हणजे तुझ्यात आणि जो माणूस हे काम करतो त्याच्यात फरक असलाच तर त्या पाच मिनिटांचा आहे, विश्वासाचा नाही.

पण तू परत आत गेला नाहीस ते मात्र चुकलं. उलटीसाठी नाही म्हणत मी, आजोबांसाठी म्हणते. एक पाय उघडा ठेवून ते वाट बघत राहिले असतील. त्याच्यावर शेवटी येते.

माझा पहिला दिवस सांगते. ड्रेसिंग रूममध्ये सिमेंटचा एक लांब कट्टा होता, पेशंट त्याच्यावर रांगेनं बसायचे, खाली प्रत्येकाच्या पायाशी पाण्याचं घमेलं. माझ्यासमोर एक शेतकरी काका होते, तळव्याला पाच रुपयाच्या नाण्याएवढी जखम, आत अळ्या झालेल्या. त्यांना काही दुखत नव्हतं, ते आरामात शेजारच्याशी पावसापाण्याचं बोलत होते. मी उभी राहून, कमरेत वाकून, लांबून चिमट्यानं काम करत होते, तोंड एका बाजूला वळवलेलं. आमच्या सिनियर सिस्टर मागनं आल्या, त्यांनी काही म्हटलं नाही, भिंतीकडचं लाकडी बुटकं स्टूल पायानं सरकवत माझ्या मागं आणलं आणि खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. बसल्याबरोबर काय झालं तर काकांचा चेहरा माझ्या वर गेला. तोवर मी त्यांच्याकडं वरनं बघत होते. आता मान वर करून बोलावं लागत होतं. सिस्टर एवढंच म्हणाल्या, आधी नाव विचार.

त्या दिवसापासून योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय मला वेगळा ऐकू येतो. आपल्या मराठी बायबलात तिथं गंगाळ हा शब्द आहे, मला तो फार आवडतो, आपल्या आजीच्या न्हाणीतला शब्द आहे तो. प्रभू येशू जेवणावरून उठला, अंगावरचं बाहेरचं वस्त्र काढून ठेवलं, रुमाल कमरेला बांधला, गंगाळात पाणी ओतलं, शिष्यांचे पाय धुतले आणि त्याच रुमालानं पुसले. लक्षात घे, हे एकेक काम लिहिलंय. त्या वेळी त्याच्या मनात नम्रता दाटून आली होती, डोळ्यांत पाणी होतं, असलं काही योहान सांगत नाही. प्रभूला काय ठाऊक होतं ते सांगतो आणि मग थेट रुमाल, पाणी, पाय. नम्रता म्हणजे मनातली भावना आहे आणि ती आधी आली पाहिजे, मग सेवा, असं आपण धरून चालतो ना, माझा अनुभव उलटा आहे. आधी खाली बसायचं. गुडघे वाकले की मन मागनं येतं, कधी कधी फार उशिरा येतं, आणि कधी येत नाही तरी पाय धुतलेलाच असतो.

आणि त्या गंगाळापाशी यहूदापण होता, प्रभूला पुढं पकडून देणारा शिष्य. तो नंतर उठून रात्रीच्या अंधारात बाहेर गेला, म्हणजे त्याचेही पाय धुऊन झाले होते. प्रभूला माहीत असून. हे मी वॉर्डात पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलंय, कारण पेशंट सगळे काही गोड नसतात. शिव्या देणारे असतात, पट्टी सोडून टाकणारे, दारू पिऊन जखम चिखलातनं आणणारे असतात. त्यांचापण पाय धुवायचा, तेवढ्याच वेळ, तेवढ्याच नीट.

आता थोडं पायांचं सांगते, कारण सेवा नीट करायची तर ज्याची करायची त्याला काय झालंय हे कळायला हवं. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात असं अजून लोकांना वाटतं. तसं नसतंय. रोगाचे जंतू नसांवर बसतात, घोट्याच्या आतल्या बाजूनं एक नस तळपायाला जाते ती मेली की तळव्याची संवेदना जाते, घाम यायचा थांबतो, कातडी कोरडी पडून भेगाळते. मग काटा घुसला तरी कळत नाही, चपलेचा खिळा दिवसभर टोचला तरी कळत नाही, चुलीजवळ भाजलं तरी कळत नाही, आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. वेल्लोरच्या मिशन हॉस्पिटलातले सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी हे जगाला पटवून दिलं. ते मिशनरी आईवडिलांच्या पोटी १९१४ साली तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात जन्मले, तिकडंच पुढं वाकड्या झालेल्या हातांवर ऑपरेशनं करू लागले, आणि त्यांचं म्हणणं असं की हातपाय जातात ते वेदना कळत नाही म्हणून. वेदना ही देणगी आहे हे मी आधी नुसतं ऐकलं होतं, ड्रेसिंग रूममध्ये रोज डोळ्यांनी बघितलं.

१९८० नंतर एमडीटीच्या, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र द्यायच्या, गोळ्या आल्या, रोग सहा महिन्यांत किंवा वर्ष-दोन वर्षांत बरा व्हायला लागला. पण जी नस मेली ती परत येत नाही, म्हणून रोग बरा झालेल्या माणसालाही आयुष्यभर पायाला जपावं लागतं. ते जपणं अगदी साधं असतं. रोज साध्या पाण्यात वीसेक मिनिटं पाय भिजवायचे, गरम पाण्यात नाही कारण भाजलं तर कळणार नाही, वजरीनं कडक कातडी हळू घासायची, पाय ओला असतानाच खोबरेल किंवा व्हॅसलीन लावायचं म्हणजे ओल आत राहते, आणि तळवा आरशात बघायचा. पायात एमसीआरची, म्हणजे खास मऊ रबराची, चप्पल, खिळा न मारलेली. बस, एवढंच. यात चमत्कार काही नाही. पण हे रोज करणाऱ्याचा पाय वाचतो आणि न करणाऱ्याचा कापावा लागतो, हे मी इतक्या वेळा बघितलंय की मला सेवा म्हटलं की वजरी आठवते. मोठं काही करायला जाऊ नकोस. छोटं काम, पण रोज, आणि बरोबर.

बरोबर करण्यावर माझा फार भर आहे आणि मंडळीत यावर कुणी बोलत नाही. आपल्याकडं समजूत अशी की भाव चांगला असला की झालं. नाही रे. भाव चांगला ठेवून चुकीची पट्टी घट्ट बांधली तर पाय काळा पडतो. नम्र माणूस आधी शिकतो, कारण त्याला माहीत असतं की आपल्याला येत नाही. शिकायचा कंटाळा करून नुसत्या प्रेमावर काम भागवणं यात मला थोडा गर्वच दिसतो, म्हणजे माझं प्रेम एवढं मोठं की तुझ्या पायाचं काय व्हायचं ते होवो.

कर्तव्याचं विचारलंस. मनात नसताना केलेली सेवा चालते का. लूकच्या शुभवर्तमानात सतराव्या अध्यायात प्रभू एका दासाची गोष्ट सांगतो, तो दिवसभर शेतात नांगरून किंवा मेंढरं राखून घरी येतो आणि आल्यावर धनी त्याला म्हणत नाही की बस जेवायला, म्हणतो माझं जेवण तयार कर, कमर बांध आणि वाढ. आणि शेवटी दासांनी म्हणायचं काय तर आम्ही निरुपयोगी दास, जे करायचं होतं तेवढंच केलं. लहानपणी मला ही गोष्ट कठोर वाटायची. नोकरीला लागल्यावर तीच मला सगळ्यात दिलासा देणारी वाटायला लागली. का सांगते. हॉस्पिटलात आम्ही ड्युटी म्हणतो. सकाळी सातला जाऊन रात्रपाळीच्या सिस्टरकडून चार्ज घ्यायचा, कुठल्या खाटेला ताप, कुणाचं सलाईन, कुणाचं ड्रेसिंग राहिलंय, आणि दुपारी पुढच्या सिस्टरला चार्ज देऊन घरी यायचं. ज्या दिवशी माझं मूल तापानं फणफणलेलं असायचं किंवा नवऱ्याशी भांडण झालेलं असायचं त्या दिवशीपण पेशंटला ड्रेसिंग मिळायचं, कारण ते माझ्या मनावर अवलंबून नव्हतं, ड्युटीवर होतं. पेशंटच्या बाजूनं विचार करून बघ. तुझ्या मनात आलं तर त्याची पट्टी बदलणार, नाही आलं तर नाही, याच्याइतकं लाचार जगणं दुसरं नाही. कर्तव्य असतं म्हणून तर त्याला तुझ्यापुढं हात जोडावे लागत नाहीत.

आणि ड्युटी संपते हेपण त्यात आलं. चार्ज दिला की दिला. जगाचा तारणारा एकच आणि तो आपण नाही. ज्यांना हे कळलं नाही त्यांना मी दोन-तीन वर्षांत चिडचिडे होऊन, पेशंटवर खेकसत, शेवटी काम सोडून जाताना बघितलंय. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांत सहाव्या अध्यायात बघ, रोजच्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडं दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे प्रभूच्या मुख्य शिष्यांनी, भावनिक आवाहन केलं नाही, सात माणसं नेमली. रोस्टर लावलं म्हण. तुमच्या तरुण संघानं पण तेच करावं असं मला वाटतं. वीस जणांनी वर्षातनं एकदा जायच्या ऐवजी दोघादोघांनी आळीपाळीनं दर शनिवारी जावं.

इथं एक मनातलं बोलते. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांत सेवा या शब्दाचं काय झालंय बघ. अमुक पाळकसाहेब कुठं सेवेत आहेत, तमुक भाऊ नोकरी सोडून सेवेत आले, म्हणजे उपदेश करायला लागले. माईक हातात घेणं म्हणजे सेवा. नव्या करारात सेवकाला जो ग्रीक शब्द आहे, दियाकोनोस, तो पंगतीत वाढणाऱ्या माणसालाही वापरायचे. काना गावच्या लग्नात, जिथं प्रभूनं पाण्याचा द्राक्षारस केला, पाण्याचे रांजण भरणारे नोकर आठव, त्यांना तोच शब्द आहे. पाळकसाहेबांबद्दल मला फार आदर आहे, वचन सांगणं हीपण सेवाच आहे आणि अवघड आहे. पण नाताळच्या प्रीतिभोजनानंतर बघ कधीतरी, शंभर माणसांची पातेली कोण घासतं? दरवर्षी त्याच सात-आठ बायका, साड्या खोचून, थंड पाण्यात. बाकी सगळे खुर्च्यांवर गप्पा मारत बसलेले असतात आणि त्या बायकांना कुणी सेवेत आहेत म्हणत नाही. तुला नम्र सेवेची सुरुवात करायची असेल तर वृद्धाश्रमाच्या आधी तिथं जा, राख आणि काथ्या घे आणि त्यांच्या शेजारी उकिडवा बस. सेक्रेटरी आहेस ना संघाचा, तू बसलास की बाकीची पोरं येतील.

विद्वान माणसानं हलकं काम करावं का असा प्रश्न कुणाला पडत असेल तर आपल्याच महाराष्ट्रातल्या पंडिता रमाबाई बघाव्यात. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली ज्या बाईला पंडिता आणि सरस्वती म्हटलं, संस्कृत जिच्या जिभेवर होतं, ती ख्रिस्ताकडं कशानं वळली? १८८३ साली इंग्लंडला गेल्यावर वाँटेज गावच्या सिस्टरांनी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींनी, त्यांना लंडनमधलं फुलहॅमचं आपलं घर दाखवलं. समाजानं पतित म्हणून टाकलेल्या बायकांना तिथल्या सिस्टर प्रेमानं सांभाळत होत्या. रमाबाईंना असं आपल्याकडं कधी दिसलं नव्हतं, त्यांनी विचारलं की तुम्ही या बायकांची एवढी काळजी का घेता, तेव्हा योहानाच्या चौथ्या अध्यायातली विहिरीवरची शोमरोनी बाई, यहूदी ज्यांना हलकं मानायचे त्या लोकांतली, आणि ख्रिस्त यांची भेट त्यांना वाचून दाखवली गेली. म्हणजे वादात हरवून कुणी त्यांना आणलं नाही. काम आधी दिसलं, त्याचं कारण त्यांनी नंतर विचारलं. आणि पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आल्या, केडगावला मुक्ती नावाचा त्यांचा आश्रम उभा राहिला. १९०० च्या सुमाराला तिथं दोन हजारांच्या आसपास मुली आणि बायका होत्या. उवा, खरूज, हगवण, उपासमारीची सवय लागून अन्न लपवून ठेवणारी लेकरं, हे सगळं आलंच त्याच्यात. मला कधी आपलं काम हलकं वाटलं तर मी केडगावची ती न्हाणीघरं डोळ्यांपुढं आणायची.

याच्यातच दुसरी गोष्ट येते. आपण ख्रिस्ती लोक सेवा करतो तेव्हा लोकांना वाटतं की मागनं काहीतरी येणार, पत्रक येणार, चल चर्चला येणार. काही ठिकाणी तसं झालंयही, ते कबूल केलं पाहिजे. मी तुला एवढंच सांगते, ज्याच्या पायाला जखम आहे तो नाही म्हणायच्या अवस्थेत नसतो. त्याच्या अडचणीत त्याच्याकडून काही कबूल करून घेणं ही सेवा नाही, तो व्यवहार झाला. कुणी विचारलं तू का येतोस तर खरं सांग, प्रभूनं आमचे पाय धुतले म्हणून येतो, आणि परत पायाकडं बघ. माझे पेशंट बहुतेक हिंदू होते, काही मुसलमान होते, एक आजोबा वारकरी होते आणि ड्रेसिंग करताना हरिपाठ म्हणायचे, मला अर्धा पाठ झाला होता.

आता जे सांगायला मला अजून अवघड जातं ते सांगते.

आमच्याकडं एक मावशी यायच्या. हाताची बोटं आखडलेली, पंजा असा वाकडा, दोन्ही पायांना जखमा. रोग बरा होऊन वर्षं झाली होती, जंतू नव्हतेच. सहा वर्षं मी त्यांचे पाय धुतले, त्यांची सून, नातवंडं, म्हैस, सगळं मला माहीत. एकदा संक्रांतीच्या सुमाराला त्या येताना फडक्यात बांधून बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी आणि तिळाची चटणी घेऊन आल्या. त्या वाकड्या हातांनी थापलेली भाकरी, कडेला थोडी फाटलेली. म्हणाल्या, बाई, तुमच्यासाठी केलीय. मी हसले, हात पुढं केला, आणि घास तोडायच्या आधी माझा हात थांबला. एक सेकंद असेल. मला शास्त्र माहीत होतं, मी स्वतः गावोगाव जाऊन सांगायचे की असं पसरत नाही, बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूंशी लढायची ताकद असतेच. तरी थांबला. आणि मावशींनी ते बघितलं. काही बोलल्या नाहीत, नुसतं फडक्याचं टोक नीट केलं. मी भाकरी खाल्ली, सगळी खाल्ली, चांगली होती. पण तो सेकंद मी परत घेऊ शकले नाही.

घरी येऊन मी रडले. सहा वर्षं मी त्यांच्या पायाशी बसले होते आणि मला वाटायचं की मी खाली बसलेय. पण ग्लोव्हज माझ्या हातात होते, औषध माझ्याकडं होतं, पगार मला होता, देणारी मी होते. देणारा कितीही बुटक्या स्टुलावर बसला तरी वरच असतो. त्यांनी भाकरी पुढं केली तेव्हा पहिल्यांदा त्या देणाऱ्या झाल्या आणि मी घेणारी, आणि तिथं माझं मन आखडलं. प्रभू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र जे म्हणाला ते मला तेव्हा कळलं. तो म्हणतो ना, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. मला आधी वाटायचं तो किती नम्र बोलतोय. नम्र नव्हता, घ्यायला तयार नव्हता तो. आणि प्रभूनं त्याला सरळ सांगितलं की मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही.

म्हणून तुला सांगते, ज्याची सेवा करशील त्याच्याकडून काहीतरी घे. चहा दिला तर पी, कपाला चरा पडलेला असला तरी पी. आजोबांनी गोष्ट सांगितली तर घड्याळाकडं न बघता ऐक. ते पूर्वी काय काम करायचे विचार, आणि त्यातलं काही शिकवतील तर शीक. पुढं मी मावशींकडून बाजरीच्या पिठाला किती गरम पाणी लागतं ते शिकले, त्यांनी त्या हातांनी मला दाखवलं, आणि मी त्यांच्या अंगणात बसून थापलेली पहिली भाकरी त्यांनी खाल्ली. तो सेकंद पुसला गेला असं मी म्हणणार नाही. पण त्यानंतर त्या मला बाई म्हणायच्या बंद झाल्या आणि पोरी म्हणायला लागल्या.

आता तुझे आजोबा. येत्या शनिवारी जा. एकटा किंवा अजून एकाला घेऊन, दहा जण नकोत. फोन बॅगेत ठेव. आधी तिथल्या सिस्टरना किंवा सांभाळणाऱ्यांना विचार की आजोबांना शुगर आहे का, आणि पायाला संवेदना नीट आहे का. शुगर असेल, पाय बधीर असतील किंवा नखाच्या कडेला सूज, पू, लाली दिसत असेल तर तू कापू नकोस, नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवा म्हण, आणि तू नुसते पाय धुवून दे. शुगरवाल्यांचे पाय भिजत घालायचे नाहीत बरं का, वर सांगितलं ते कुष्ठरोगाचं. त्यांचे धुवायचे, बोटांच्या बेचक्या मऊ फडक्यानं कोरड्या करायच्या, तिथं तेल लावायचं नाही, बाकी पायाला लावायचं.

शुगर नसेल तर कोमट पाणी एका टबमध्ये घे, आधी आपल्या कोपरानं बघ किती गरम आहे. तुझी स्वतःची नखं घरूनच कापून जा, नाहीतर त्यांच्या पातळ कातडीला ओरखडा निघतो. ग्लोव्हज घालायचे असले तर घाल, त्यात काही कमीपणा नाही, पण पहिल्यांदा खांद्याला हात लावशील तो उघड्या हातानं लाव. पाय पंधरा-वीस मिनिटं भिजू दे, म्हाताऱ्या माणसाची नखं शिंगासारखी जाड असतात, कोरडी कापायला गेलास तर तडकतात आणि त्यांना कळ लागते. तेवढ्या वेळात नाव विचार, गाव विचार. वास येईल. उठू नकोस, तोंडानं श्वास घेत गप्पा चालू ठेव, पाच मिनिटांत कमी होईल. मग त्यांच्यापेक्षा खाली बस, पाट, वीट, काहीही घे, आणि पाय आपल्या मांडीवर टॉवेल टाकून त्याच्यावर घे. हात लावायच्या आधी विचार, आजोबा, घेऊ का पाय? तो पाय त्यांचा आहे. नखं सरळ रेषेत काप, कोपरे आत कोरत जाऊ नकोस, एकदम मोठा तुकडा तोडायचा नाही, थोडं थोडं. कानसनं कडा घास. नखाखालचं काड्याबिड्यांनी उकरू नकोस, जुन्या मऊ टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात हळू काढ.

आणि सगळ्यात आधी माफी माग. मागच्या वेळी मला कसंतरी झालं आणि मी उठून गेलो, परत आलो नाही, चुकलं माझं, असं साध्या शब्दांत. कदाचित ते विसरलेही असतील, कदाचित रागानं तोंड फिरवतील आणि म्हणतील नको, दुसऱ्या कुणीतरी कापली. तसं झालं तर नुसता बस थोडा वेळ.

परत उलटी आली तर जा, कर, तोंड धू आणि परत येऊन बस. एका दिवशी एकच पाय झाला तरी चालेल, दुसऱ्यासाठी पुढच्या शनिवारी येतो म्हणून सांग. आणि जा.